नोकरीची चाचणी पुन्हा केंद्रावर घ्या

महोदय,

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की ऑनलाइन चाचणीत चॅटजीपीटीची मदत घेणाऱ्या मुलांच्या नीतिमत्तेवर चर्चा झडते. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अनेक वर्षे प्लेसमेंटचे काम पाहिल्यामुळे मला वाटते की, या चर्चेतून कंपन्या अगदी अलगद सुटतात. पूर्वी त्यांची माणसे महाविद्यालयात येऊन सभागृहात लेखी परीक्षा घेत. करोनाकाळात ती उमेदवाराच्या घरच्या लॅपटॉपवर गेली आणि खर्च वाचतो म्हणून साथ ओसरल्यावरही बरेचदा तिथेच राहिली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले, तेव्हा तिथे राखणीला होता फक्त वेबकॅम.

ही राखण किती तोकडी आहे, हे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रॉय ली या विद्यार्थ्याने दाखवून दिले. त्याचे ‘इंटरव्ह्यू कोडर’ हे साधन, स्क्रीन शेअर केलेला असतानाही, मुलाखत घेणाऱ्याला न दिसता उत्तरे पुरवत असे. विद्यापीठाने त्याला निलंबित केले; त्याच्या पुढच्या कंपनीत मात्र गुंतवणूकदारांनी ५३ लाख डॉलर ओतले!

नोकरीत एआय वापरायचेच आहे, मग चाचणीत का नको, हा मुलांचा प्रश्न गैर नाही. ‘कॅनव्हा’ या डिझाइन सॉफ्टवेअर कंपनीने तांत्रिक मुलाखतीत एआय वापरणे अपेक्षित असल्याचे २०२५ मध्ये उघड सांगितले, तर ‘गूगल’च्या सुंदर पिचाई यांनी त्याच वर्षी किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचे जाहीर केले. मला दोन्ही मान्य आहे, कारण नियम आधी कळतो. आमच्याकडे येणाऱ्या सूचनापत्रांत मात्र ‘गैरप्रकार आढळल्यास बाद’ एवढीच ओळ असे. गैरप्रकार कशाला म्हणायचे, याचा उल्लेख नसे.

माझी एक विद्यार्थिनी अशा चाचणीत स्वतःच्या बळावर पाचपैकी तीन प्रश्न सोडवून बाद झाली. पाचही सोडवणाऱ्या तिच्या वर्गमित्राला पुढच्या फेरीत स्वतःच्याच कोडमधली एक ओळ समजावता आली नाही, पण तोवर तिची संधी हुकली होती.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत संगणकीय केंद्रे लागतात. पहिली चाळणी अशा केंद्रांवर व्हावी, म्हणजे नांदेडच्या मुलाला हिंजवडीपर्यंत खेटे घालावे लागणार नाहीत. आणि केंद्राचे भाडे उमेदवाराच्या माथी न मारता कंपन्यांनी भरावे.

— एक निवृत्त प्लेसमेंट अधिकारी, पुणे