खोडातील दुष्काळाची नोंद जपा

पावसाळ्यापूर्वी मुंबईत तोडलेल्या झाडांचे ओंडके थेट कचऱ्यात जातात, याची खंत वाटते. सालीखालील एधा हा पेशींचा थर नवे लाकूड तयार करतो. पाणी कमी पडले की नव्या पेशी पुरेशा फुगत नाहीत, त्यांचे विभाजन लवकर थांबते आणि त्या वर्षीचे वलय अरुंद राहते. सागात ही वलये स्पष्ट उमटत असल्याने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांवरून पूर्वीच्या मोसमी पावसाचा मागोवा घेतला आहे. आपल्याकडे तर काँक्रीटने आवळलेल्या बुंध्यांना भर पावसातही पुरेसे पाणी मिळत नाही. निदान मोठ्या झाडाच्या खोडाची एकेक चकती, जागा व तारखेच्या नोंदीसह, महापालिकेने राणीच्या बागेत जतन करावी.

– एक वाचक, दादर, मुंबई