रविवार, दुपारी दोन ते पाच

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा पार पडली, निकाल यायचाय. मुद्दाम निकालाआधीच लिहिते आहे. नंतर लिहिलं असतं तर लोकांनी पहिल्यांदा मुलांचे मार्क विचारले असते, आणि मला जे सांगायचंय ते मार्कांच्या आधीचं आहे. उघड लिहिते आहे, कारण ड्रॉपच्या वर्षात, म्हणजे बारावीनंतर फक्त नीटसाठी थांबलेल्या वर्षात, ईएमटीचं (अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार देणाऱ्याचं) प्रशिक्षण करणारी मुलं ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत आणखीही आहेत आणि त्यांच्या घरी जेवताना रोज एकच वाद असतो: दोन्ही जमेल का?

जमतं. पण ते मुलाच्या जिद्दीपेक्षा ड्यूटीचा चार्ट कोण लावतं यावर जास्त अवलंबून असतं. हे मला तुमच्यामुळे कळलं.

आमच्या नौपाड्यातल्या क्लासची ही चार मुलं तुमच्याकडे कोपरखैरण्याच्या हॉस्पिटलात येण्याआधी दुसऱ्या ठिकाणी प्रशिक्षणाला होती. नाव घेत नाही. तिथे सलग पाच-पाच रात्री लावायचे, शिकवण्यापेक्षा फायली जास्त भरून घ्यायचे, आणि रविवारच्या सराव परीक्षेला गेलं की गैरहजेरी मांडायचे. माहितीपत्रकावर मात्र 'डॉक्टर होण्याची पहिली पायरी' असं छापलेलं. तुम्ही पहिल्याच भेटीत पालकांना सांगितलंत की या प्रमाणपत्राने नीटमध्ये एका मार्काचीही भर पडत नाही. हाताला काम मिळेल आणि माणूस वाचवता येईल, एवढंच. त्या दिवशी पालक निराश झाले, पण त्यांचा तुमच्यावर विश्वास बसला तो तिथेच. दुसऱ्या बाजूला एका मोठ्या क्लासच्या समुपदेशकाने एका वडिलांना सुनावलं होतं की स्ट्रेचर उचलायचे असतील तर नीटचा नाद सोडा. हे ऐकून ते वडील आठवडाभर मुलाशी धड बोलले नव्हते.

ती आधीची संस्था आणि हा समुपदेशक, या दोघांपैकी कोणीच घड्याळाकडे पाहिलं नाही. नीट दुपारी २ ते ५ असते. रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी केलेलं मूल घरी पोचून, आंघोळ करून, चार घास खाऊन अकराला आडवं होतं आणि नेमकं दोनला गाढ झोपेत असतं. असे चार-सहा महिने गेले की दोन वाजता झोपायचं हे शरीराच्या अंगवळणी पडतं. मग परीक्षेच्या दिवशी त्याच वेळी १८० मिनिटांत १८० प्रश्न. असं मूल अभ्यास नसल्यामुळे पडत नाही. दुसऱ्या तासात फिजिक्सचा एकच प्रश्न तीनदा वाचतं, ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, एक ओळ खाली गोल भरतं, आणि कंटाळून अंदाज मारतं. बरोबर आला तर ४, चुकला तर १ वजा. बायोलॉजीचे ९० प्रश्न ४५ ते ५० मिनिटांत, केमिस्ट्रीला पन्नासेक, फिजिक्सला ६५ ते ७०, उरलेली ओएमआर पुन्हा तपासायला. ही वाटणी हातात बसायची तर सराव दुपारी दोनलाच हवा. सकाळी नऊला ताज्या डोक्याने सोडवलेला पेपर खोटा धीर देतो.

जानेवारीचा चार्ट लागला तेव्हा रविवारी २ ते ५ या चौकोनात चारही मुलांची नावं नव्हती. तिथे तुमचं नाव होतं, निळ्या पेनाने, तुमच्याच अक्षरात. फेब्रुवारीतही. परीक्षेच्या आधीच्या रविवारपर्यंत. मुलांनी मागितलं नव्हतं, मीही शब्द टाकला नव्हता. रविवार दुपारची कॅज्युअल्टी काही रिकामी नसते, आणि आठवड्यातली तेवढीच दुपार तुमच्या घरच्यांच्या वाट्याची होती, हे नंतर कळलं. मुलांनी आणलेला तो चार्टचा फोटो मी कितीदा पाहिला असेन, सांगता येत नाही. आत्ता लिहितानाही डोळे भरून येतायत.

एकाने धीर करून तुम्हाला कारण विचारलं, तर तुम्ही उलट त्यालाच विचारलंत, सीपीआरला, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबताना, दोन मिनिटांनी दाबणारा का बदलतो? मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोनेक मिनिटांत खोली कमी व्हायला लागते, पण दाबणाऱ्याला ते कळत नाही. त्याला वाटतं आपण अजून छान दाबतोय. म्हणून 'दमलास का' असं विचारत बसायचं नाही, घड्याळ बघून बदलायचं. तुम्ही मुलांचा चार्ट याच हिशेबाने लावलात. सलग दोनपेक्षा जास्त रात्री कधीच नाहीत, आणि दुसऱ्या रात्रीनंतरचा दिवस पूर्ण मोकळा.

बायोलॉजी शिकवणारी म्हणून आणखी एक ऋण आहे. रक्ताभिसरण आणि श्वसन हे धडे दोन्हीकडे येतात, म्हणून लोक म्हणतात अभ्यास आपोआप होतो. होत नाही, उलट गोंधळ वाढतो. नीट ज्यावर बेतलेली असते त्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात निरोगी माणसाचा श्वसनदर मिनिटाला १२ ते १६, तुमच्या वर्गात प्रौढाचा १२ ते २०. एनसीईआरटीतल्या ईसीजीला तीन लीड, दोन मनगटांना आणि डाव्या घोट्याला. तुमच्या मशीनला दहा वायरी आणि कागदावर बारा लीड, म्हणजे हृदयाचे बारा वेगवेगळे आलेख. रात्री पेशंटला दहा वायरी लावून आलेल्या मुलाला पुस्तकातले तीन खोटे वाटायला लागतात, आणि नीट तर पुस्तकातलंच विचारते. तुम्ही वहीच्या पानावर उभी रेघ मारून दिलीत: डावीकडे 'पेशंटसाठी', उजवीकडे 'पेपरसाठी'. बायोलॉजी शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही रकाने एकच निघाले. हृदय थांबलं तो कार्डिअ‍ॅक अरेस्ट, रक्तपुरवठा तुटून हृदयाच्या स्नायूला इजा झाली तो हार्ट अटॅक, शरीराला पुरेल इतकं रक्त हृदयाला ढकलता येत नाही ते हार्ट फेल्युअर. क्लासमधली मुलं हे पाठ करतात आणि आठवड्याने गल्लत करतात. तुमच्या मुलांची गल्लत होत नाही. अरेस्टमध्ये लगेच छाती दाबायला घ्यायची असते, आणि अटॅकचा पेशंट घामाघूम होऊन त्यांच्याशी बोलत असू शकतो, हे त्यांना ठाऊक असतं.

कॉलची वाट बघताना फिजिक्सची गणितं सोडवायची नाहीत, ही तुमची सूचना आता मी सगळ्यांनाच देते. गणित मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून, आणि मूल चिडलेल्या डोक्याने पेशंटकडे जातं. त्या वेळात एनसीईआरटीची दोन पानं, आकृत्यांमधली नावं, इनऑरगॅनिक केमिस्ट्री; पुस्तक कधीही मिटता येईल असं काहीही. फिजिक्स सुट्टीच्या सकाळी, सलग दोन तास. ट्रान्स-हार्बर लोकलला बसायला जागा मिळालीच तर आधीच्या पेपरात चुकलेले प्रश्न. आणि ड्यूटीवर आल्या आल्या गाडी तपासायची, ऑक्सिजनचा दाब, सक्शन, बॅग-मास्क, एईडीचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड. त्यातलं एकही मिनिट अभ्यासाच्या नावाखाली कापायचं नाही. हा कडकपणा मला फार आवडला.

तुमच्याभोवतीची माणसंही तशीच. मुलगी मागे वाचत बसलेली दिसली की गाण्याचा आवाज कमी करणारे अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर पायलटकाका, ओपीडी बंद झाल्यावरही एका बाकावरचा दिवा चालू ठेवणारे वॉचमन. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अशी माणसं आहेत म्हणून ही मुलं टिकली, हे मी क्लासमध्ये प्रत्येक पालकाला सांगते.

जूनमध्ये नवीन बॅचचे तिघं तुमच्याकडे येतील. त्यातल्या एकीला दम्याचा त्रास आहे, तिचा पंप कायम तिच्या बॅगेत असतो. आणि सिस्टर, जानेवारीच्या त्या चार्टची एक झेरॉक्स मुलांबरोबर पाठवाल का? आमच्या वर्गात फळ्याशेजारी लावायची आहे.

तुमची,
नौपाड्यातली बायोलॉजीची बाई