पावणेपाच फेऱ्यांचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या मोटरसायकलचा मागचा शॉकअप तुम्ही नीट लावून दिलात, त्याबद्दलचं हे पत्र उघडच लिहितेय. माझ्यासारख्या कमी उंचीच्या जेवढ्या जणी मोटरसायकल चालवतात त्या सगळ्यांच्या दारात तुम्ही टेप घेऊन जाणं काही शक्य नाही. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर तुम्ही महिनाभर बोलणार नाही.

तुम्ही आलात तेव्हा गाडी उजव्या अंगावर आडवी पडली होती, आठवतंय? मी शेजारी उभी राहून फोनवर लोअरिंग लिंक, म्हणजे गाडी खाली उतरवणाऱ्या जोडपट्ट्या, शोधत होते. माझी उंची ५ फूट १ इंच. थांबल्यावर फक्त बुटांची टोकं टेकायची, म्हणून मी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, होता तेवढा सगळा सोडून दिला होता. मागचं खाली बसलं की पाय पुरतील, एवढा साधा हिशोब. पाय काही पुरले नाहीत. साइड स्टँडची लांबी मात्र होती तेवढीच राहिली, त्यामुळे गाडी स्टँडवर कलायच्या ऐवजी जवळजवळ ताठ उभी राहायला लागली आणि वाऱ्याची एक झुळूक आल्यावर पलीकडे गेली.

तुम्ही गाडी उचललीत, खाली वाकलात आणि शॉकअपच्या कॉलरवरून, म्हणजे स्प्रिंग आवळायच्या खाचांच्या रिंगवरून, बोट फिरवलंत. ॲल्युमिनियमच्या खाचांवर छिन्नीचे घाव होते, एका खाचेची कड तर चक्क फुलासारखी उमलली होती. "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "मीच." तुम्ही काही बोलला नाहीत. घरी जाऊन आकडीचा पाना घेऊन आलात. त्या न बोलण्याबद्दल वेगळे आभार.

मला वाटलं आता पाना लागणार. तुम्ही तर आधी टेप काढलीत. मागच्या आसाच्या बरोबर वर, शेपटीच्या पॅनलवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पेनाने रेघ मारलीत. मी पॅडॉक स्टँड आणला तो बाजूला सारलात, कारण तो स्विंगआर्मखाली, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली, लागतो आणि गाडीचं वजन शॉकअपवर तसंच राहतं. गाडी फुटरेस्टच्या ब्रॅकेटखाली टेकू देऊन उचलली तेव्हा चाक खरं लटकलं. आसापासून रेघेपर्यंत ६०० मिलिमीटर. गाडी जमिनीवर नुसती उभी, तेव्हा ५५९. मग मी हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून, पाय फुटरेस्टवर ठेवून बसले, धाकट्या भावाने पुढून हँडल धरलं. तुम्ही शेपटी दाबून हळूच सोडलीत, ५३४. वर उचलून हळूच सोडलीत, ५४०. मी म्हटलं टेप चुकतेय. तुम्ही म्हणालात, सील आणि बुश धरून ठेवतात, म्हणून दोन्हींचा मध्य घ्यायचा. ५३७. म्हणजे माझ्या वजनासकट गाडी ६३ मिलिमीटर बसत होती. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला एकूण वाव १५० चा. चाळीस टक्क्यांहून जास्त मी नुसतं बसूनच खाऊन टाकला होता, खड्ड्यासाठी उरणार काय?

एवढ्या एका आकड्याने माझी तीन महिन्यांची गाऱ्हाणी सुटली. खड्ड्यात मागून धाडकन आवाज यायचा, तो शॉकअप रबराच्या बंपस्टॉपवर आपटल्याचा. रात्री समोरचे सगळे मला डिपर मारायचे, कारण शेपूट बसल्यावर हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघत होता. वळणावर गाडी बाहेर बाहेर पळायची. मी टायरला शिव्या घालत होते. तुम्ही हाताने दाखवलंत: मागचं खाली गेलं की पुढचा फोर्क जास्त आडवा होतो, ट्रेल (पुढचं चाक टेकतं ती जागा हँडल ज्या रेषेवर फिरतं तिच्या जितकी मागे असते ते अंतर) वाढतो, गाडी सरळ जायचा हट्ट धरते.

आणि मग तो प्रश्न विचारलात, ज्याचा मला राग आला होता. "एवढं करून सीट किती खाली आली?" मी म्हटलं, दोनेक इंच तरी. वावाच्या तीस टक्के, म्हणजे ४५ मिलिमीटर बसणाऱ्या नीट गाडीत आणि माझ्या गाडीत चाकाशी फरक निघाला १८ मिलिमीटर. शिवाय सीट काही आसाच्या डोक्यावर नसते, ती दोन चाकांच्या मध्ये असते, म्हणून सीटशी तो फरक आणखी कमी, जेमतेम बारा. करंगळीच्या रुंदीएवढ्यासाठी मी अख्खी गाडी बिघडवून ठेवली होती!

प्रीलोड आवळला की स्प्रिंग कडक होते, हेही मी छातीठोकपणे सांगत फिरायचे. तुम्ही स्प्रिंगच्या वजनकाट्याचं उदाहरण दिलंत. काट्याचं शून्य पुढेमागे सरकवलं तरी पुढचा एक किलो काट्याला तेवढाच हलवतो. स्प्रिंग तीच, फक्त सुरुवातीची जागा बदलते. हे मी आता इतरांना सांगते आणि निम्मे जण वाद घालतात. घालू देत.

काम करताना तुमची घाई नव्हती, ते मला सगळ्यात आवडलं. आधी दाताच्या जुन्या ब्रशने आटे घासलेत, माती पार निघेपर्यंत. मग स्प्रे. मग थांबलात. लॉकची रिंग सुटल्यावर कॉलरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलात, म्हणजे फेरे मोजता येतील. माझ्या गाडीला एका फेऱ्यात कॉलर दीड मिलिमीटर सरकते आणि लिंकेजमुळे (शॉकअप चाकाशी जोडणाऱ्या पट्ट्या) चाकाशी त्याचे साधारण अडीचपट होतात. हव्या असलेल्या १८ साठी कॉलर सातच मिलिमीटर खाली यायला हवी होती. पावणेपाच फेरे. चाक लटकत असताना फिरवलेत म्हणून कॉलर निमूट फिरली. मी गाडीचं वजन वर असताना छिन्नी मारत होते.

परत मोजलं. नुसती गाडी ५७७, मी बसून ५५५. बसण ४५, म्हणजे वावाच्या तीस टक्के. रस्त्यावरच्या गाडीला तिसऱ्या हिश्श्याच्या आतबाहेर चालतं म्हणालात, पण माझं पहिल्या फटक्यात जमलं यावर तुम्ही स्वतःच खूश झालेले दिसलात. (नाकारू नका, भावानेही पाहिलंय.) शेपूट आता जास्त जोरात वर उसळत होती, म्हणून रिबाउंडचा, म्हणजे उसळी आवरायचा, स्क्रू दोन क्लिक आत घेतलात. शेवटी आस, स्विंगआर्मचा पिव्होट (त्याची बिजागरी) आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येईपर्यंत मागचं दाबून धरायला लावलंत आणि त्या जागी चेनचा ढिलेपणा बघितलात. चेन सगळ्यात ताणली जाते ती तिथेच.

लोअरिंग लिंकबद्दल तुम्ही नाही म्हणाला नाहीत, फक्त यादी सांगितलीत. मागचं तीन-साडेतीन सेंटिमीटर उतरवलंस तर पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून तेवढ्या प्रमाणात वर सरकवावे लागतील. तसं केल्यावर पूर्ण दबलेल्या फोर्कवर मडगार्ड कुठे लागत नाही ना, ते बघावं लागेल. साइड स्टँड कापून वेल्ड करावा लागेल. स्पीडब्रेकरला पोट घासेल. ऐकून मीच फोन खिशात टाकला.

आणि पायांचं? ते शॉकअपपाशी सुटलंच नाही. तुम्ही मला सीटवर बसवलंत आणि मांड्या कुठे अडतात तिथे खडूने खुणा केल्यात. अडचण उंचीपेक्षा रुंदीची होती. सीटवाल्याने पुढच्या दोन्ही कडांचा फोम तासून कव्हर परत चढवलं आणि टाच नाही तरी चवडा आख्खा टेकायला लागला. बाकीचं तुमच्या दुसऱ्या धड्याने केलं: थांबताना अर्धं ढुंगण सीटवरून डावीकडे सरकवायचं, एकच पाय पूर्ण टेकवायचा, दुसरा ब्रेकवर. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट मी कुठून उचलला होता कोण जाणे.

तेव्हापासून गाडी एकदाही पडलेली नाही. पांढरा ठिपका आहे तिथेच आहे. धुताना दर वेळी बघते.

तुमचा पाना अजून माझ्याकडेच आहे. रविवारी द्यायला येते, येताना आईला मागे बसवून आणीन. तिच्यासकट किती बसते ते मोजायचंय, टेप मी आणते. पाना परत करायचा की आणखी थोडे फेरे मारायचे, ते आकडा आल्यावर ठरवू.

तुमची,
समोरच्या जिन्यातली