धक्क्यावर दोरी धरणाऱ्या तांडेलबाबांना

सप्रेम नमस्कार.

तांडेलबाब, हे पत्र उघडं ठेवतोय. तुमचे आभार तर मानायचेच आहेत, शिवाय गोव्यातल्या आपल्या बंदराच्या धक्क्याखाली सफाईसाठी उतरू पाहणाऱ्या नव्या पोरांच्याही ते नजरेस पडावं. पाण्यातून तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आणि फाटकी जाळी घेऊन वर येणाऱ्याचे फोटो निघतात. त्याच्या अंगाला बांधलेली दोरी धरून ऊन खात उभा राहिलेला माणूस फोटोत नसतो. पण धक्क्याखालच्या बुडीचं निम्मं काम वर होतं, आणि ते तुम्ही करता.

पहिले आभार तुमच्या 'आज नको'चे. ग्रँड आयलंड बेटाजवळ हौसेनं बुडी मारणारे पाणी किती स्वच्छ आहे ते विचारतात. तुम्ही आधी तिथी विचारता. तिथीची पाऊणपट काढली की भरतीचा तास मिळतो: दशमी असेल तर साडेसात, एकादशी असेल तर सव्वाआठ. हे गणित मुंबईचं. भरती किनाऱ्यानं दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे गोव्यात ती आधी येते. म्हणून तिथीवरून दिवस निवडायचा आणि मिनिटं मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यायची, हा तुमचाच शिरस्ता. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला इथं पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तेवढं पाणी खांबांच्या मधून सहा तासांत जायचं म्हणजे ओढ असणारच. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला, ती निम्म्याहून कमी होते. भांगाचा खरा जोर अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी येतो, आणि दशमी-एकादशीची सकाळची भरती उजेडात सापडते. आमचं वेळापत्रक त्यावरच चालतं.

वेळ भरतीच्याच टोकाची धरायची, ओहोटीच्या नाही. यामागचं कारण नव्यांना पटवून द्यावं लागतं. ओहोटीला खोली कमी असते म्हणून काम सोपं वाटतं. पण तेव्हा नदी आपला सगळा गाळ घेऊन बाहेर निघालेली असते आणि पायातले फिन तळाला लागत असतात. भरतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात समुद्राचं पाणी आत आलेलं असतं. हात लांब केला तर बोटं दिसतात, आणि धक्क्याखाली एवढं दिसणं म्हणजे चैन. उलट पाणी फार चढलं तर वरच्या बीमखाली डोक्याला जागा उरत नाही, आणि ट्रॉलर गेल्यावर उठणारी लाट माणसाला खालून काँक्रीटवर आपटते. बीमवर तुम्ही मारलेली लाल रेघ त्यासाठीच. पाणी रेघेला लागलं की कुणी उतरायचं नाही.

दुसरे आभार चाव्यांचे. बुडीआधी त्या टप्प्यात बांधलेल्या प्रत्येक ट्रॉलरची चावी तुमच्या खिशात येते, आणि शेवटचा माणूस शिडीवर चढेपर्यंत परत जात नाही. 'इंजिन बंद आहे' हे तोंडी आश्वासन तुम्ही घेत नाही. तीन मीटरवरचा ट्रॉलरचा पंखा फिरायला लागला तर खालच्या माणसाला तो कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा कळत नाही, कारण पाण्यात आवाज चहूकडून एकसारखा येतो. पंप ओढत असलेला पाइप, होडीवर चाललेलं वेल्डिंग, धक्क्यावरून लोंबणारी विजेची वायर हेही तुम्ही फिरून बघता. पाइपचं तोंड छोटं दिसतं, पण त्यात गेलेला हात पंप बंद केल्याशिवाय सुटत नाही. मग 'खाली पाणबुड्या आहे, लांब राहा' असं होड्यांना सांगणारा, ए अक्षराचा निळा-पांढरा बावटा लागतो. कापडाचा बावटा वारा पडला की काठीला चिकटतो, म्हणून तुम्ही तो पत्र्याचा करून घेतलात, मीटरभर उंचीचा. आणि परवानगीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून तुमच्याच छत्रीला अडकवलेला असतो. बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये, मग कारण सफाईचं का असेना.

आता दोरी. खुणा साध्या आहेत. वरून एक हिसका म्हणजे 'बरं आहे ना?', खालून एक म्हणजे 'बरं आहे'. खालून दोन म्हणजे ढील द्या, तीन म्हणजे ढील आवरा, चार म्हणजे वर घ्या. दोन-दोन-दोन म्हणजे अडकलोय, दुसरा पाणबुड्या पाठवा. हे कागदावर कुणीही पाठ करेल. तुमच्या हातात वेगळंच आहे: हिसका देण्याआधी तुम्ही दोरीचं पोट काढता. पाण्याच्या ओढीनं दोरीला झोळ पडतो, आणि मग दिलेला हिसका झोळातच मरतो, खालच्या माणसापर्यंत पोचत नाही. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात दोरी धरून हळूहळू घेत जायची, पलीकडे वजन 'लागलं' की थांबायचं, मग हिसका. फार ताणली तर माणूस मागे खेचला जातो, फार सोडली तर दोरी खांबाला वेढा घालते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खांबावर कालवं असतात, खाली शिनाणे हे शिंपले. कालवाची धार ओल्या दोरीला करवतीसारखी लागते. म्हणून दर पाच मीटरला गाठ, आणि बुडीनंतर गाठ न् गाठ चाचपणं. एक पीळ तुटलेला दिसला तरी तो तुकडा बाद.

धक्क्याखाली चार हिसके आले तरी तुम्ही आंधळेपणानं ओढत नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. मोकळ्या पाण्यात ओढणं बरोबर. इथं दोरी खांबाला वळसा घेऊन गेली असेल तर ओढल्यावर माणूस वर न येता खांबावर जाऊन दाबला जातो. तुम्ही आधी दोरी कुठल्या खांबाच्या कुठल्या अंगानं गेली ते बघता. सरळ असेल तर घेता, नाहीतर मास्क गळ्यात अडकवून तयार बसलेल्या दुसऱ्या पाणबुड्याला त्याच दोरीवरून पाठवता. त्यामुळेच आमचा नियम: खांबांची एकच रांग, ती उजव्या हाताला ठेवून जायचं, डाव्या हाताला ठेवून यायचं, रांग ओलांडायची नाही.

खाली काय चुकतं ते नव्यांसाठी लिहून ठेवतो. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २४०० लिटर हवा असते. पाच मीटरवर दीडपट दाब, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथं ३० लिटरच्या आसपास खर्च. हिशोब तासाच्या पुढे जातो, आणि तिथेच फसगत होते. हवा भरपूर उरते पण भरतीच्या टोकाला थांबलेलं पाणी वीस-पंचवीस मिनिटांतच सरकू लागतं. म्हणून परतायचं ते हवेचा काटा बघून नव्हे, तुमच्या हिशोबानं: दहाव्या मिनिटाला तुमचा हिसका, त्यावर फिरायचं. तरीही हवेचा एक तृतीयांश भाग जायला, एक यायला, एक राखीव हा नियम सोडायचा नाही, कारण इथं डोक्यावर छत आहे. आणि पाच मीटर म्हणजे उथळ असं समजून श्वास रोखून वर येऊ नये. तेवढ्यात फुप्फुसातली हवा दीडपट होते, आणि फुप्फुस फाटायला ती पुरते.

पाय वरखाली हाणले की गाळ उठतो आणि मग टॉर्चसमोर नुसती भिंत. बेडकासारखे पाय मारायचे, टॉर्च डोळ्यांपासून लांब बाजूला धरायची. तंगूस दिसत नाही, फक्त लागतं. लागलं की वळायचं नाही, मागे सरकायचं. वळलं की ते सिलिंडरच्या तोटीत गुंततं. कापायला दोन हत्यारं, दोन्ही हातांना पोचतील अशी; तंगुसाला सुरीपेक्षा कातर बरी. जाळं कापून आधी खांबांच्या बाहेर आणायचं, मगच तुमच्या दोरीला बांधायचं. ओझं वर उचलणारी हवेची पिशवी छताखाली फुगवली तर ती काँक्रीटला जाऊन चिकटते आणि खालचं जाळं पडद्यासारखं लोंबत राहतं.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात वरचं पाणी गोडं असतं, तेव्हा बुडण्यासाठी अंगावर बांधायचं शिशाचं वजन उन्हाळ्यापेक्षा कमी लागतं. अंग आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर खाऱ्या-गोड्या पाण्यात अडीच किलोपर्यंत फरक पडतो. हे तुम्ही पाणी चाखून सांगता. चाखू नका हो, त्यात डिझेल असतं.

आणि तो थर्मास. आम्हाला वाटायचं चहाचा. शेंगटी माशाचा काटा किंवा खांबाला चिकटून बसलेल्या विंचूमाशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, हात अर्धा ते दीड तास बुडवायचा. त्या विषाचा दाह उष्णतेनं उतरतो. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून बघायचं, कारण दुखणाऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. मग दवाखाना.

शेवटी बादली. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडाशी आणणारं यंत्र) गोड्या पाण्यात घालताना टोपी घट्ट, आणि मधलं बटण दाबायचं नाही, नाहीतर गाळ आत जातो आणि पुढच्या बुडीला श्वासाबरोबर पाणी येतं. हे तुम्ही ओरडून सांगता तेव्हा धक्क्यावरच्या मासे विकणाऱ्या बायका हसतात. ओरडत राहा.

नवी दोरी आणली आहे, १० मिलिमीटरची, ३० मीटर. जुनी ८ची तुमच्या बोटांत रुतायची. गाठी अजून मारलेल्या नाहीत, त्या तुम्हीच माराव्यात. दशमीला पहाटे साडेपाचला धक्क्यावर येतो.

तुमचे,
धक्क्याखालचे पाणबुडे