समेच्या आधी दाबलेलं बटण

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही काढलेल्या नृत्य-नाटकांच्या फोटोंच्या निगेटिव्हचे डबे आणि त्यांची नोंदवही आमच्या हाती आली. वहीत रोलचा क्रमांक, तारीख, नाट्यगृह, प्रयोगाचं नाव आणि डावीकडून उजवीकडे कोण उभं आहे ते. समूहात मागे उभ्या असलेल्या मुलींचीसुद्धा नावं आहेत. फोटो पुष्कळ जण काढतात, नावं कोणी लिहीत नाही, आणि वीस वर्षांनी ओळखणारं माणूसच उरत नाही. म्हणून पहिले आभार या वहीचे.

बडोद्यात या वहीला वेगळं मोल आहे. 1880 मध्ये तंजावरची राजकन्या सयाजीराव महाराजांची राणी होऊन आली आणि तिच्याबरोबर नर्तकी आल्या, नट्टुवनार, म्हणजे नृत्य शिकवणारे गुरू, आले. 1886 मध्ये मौलाबक्षांची संगीतशाळा सुरू झाली. पुढे कुबेरनाथ तांजोरकरांनी इथेच भरतनाट्यम शिकवलं. पण अडवू, म्हणजे नृत्यातली मूळ पदरचना, गुरूच्या अंगावरून शिष्याच्या अंगावर उतरतो. मधल्या पिढीचं अंग कसं होतं हे पाहायचं तर तुमचेच फोटो उघडावे लागतात.

ते फोटो खरे निघाले कारण तुम्हाला ताल कळत होता. तीर्मानमचा, म्हणजे शेवट करणारा, तुकडा तीनदा येऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बसतो. ताल न कळणारा माणूस घुंगरांचा ठोका ऐकून बटण दाबतो, तोवर हात उतरायला लागलेले असतात. तुम्ही पहिल्या वेळी चौकट ठरवायचात, दुसऱ्या वेळी फोकस, आणि तिसऱ्या वेळी समेच्या निमिषभर आधी बोट. उडीचा हिशेब वेगळा. सगळ्यात वरच्या बिंदूला शरीर क्षणभर थांबल्यासारखं असतं, तिथे 1/500 सेकंदाचं शटर पुरतं. खाली येताना त्याच गतीला पावलं पुसट होतात. अभिनयाला तुम्ही 1/200 च्या आसपास राहायचात, आणि नजर जिकडे वळली आहे तिकडे चौकटीत मोकळी जागा ठेवायचात. हात जाईल तिथे दृष्टी, हे नर्तकीला शिकवतात. फोटोग्राफरने ते पाळलेलं क्वचित दिसतं.

जागेबद्दल तुम्ही हट्टी होतात ते बरंच झालं. पहिल्या रांगेतून रंगमंचाच्या कडेआड पावलं जातात आणि हनुवटी मोठी दिसते. बाल्कनीतून अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, चपटी होते, बसलेली नर्तकी नुसती बुटकी वाटते. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीला हवा. गांधी नगरगृह असो की अकोट्याचं सर सयाजी नगरगृह, आधी येऊन ती रांग तुम्ही शोधून ठेवायचात.

काळा पडदा हा नवशिक्यांचा शत्रू. कॅमेऱ्याचं प्रकाशाचं सरासरी मोजमाप काळ्याला करडं करू पाहतं आणि चेहरा पांढरा जळतो. मोजमाप फक्त गालावरचं घ्यायचं आणि बाकी सगळं हाताने ठरवायचं, हे आमच्या मुलांना तुम्ही शिकवलंत. फिल्मच्या काळात 400 आयएसओचा (प्रकाश टिपण्याच्या क्षमतेचा आकडा) रोल 1600 चा समजून वापरायचा आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा, ही तुमची रीत होती. फोटोतला दाणा, म्हणजे खरखरीतपणा, वाढायचा, आणि सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते जास्त धुऊनही यायचं नाही. म्हणून अंधाऱ्या प्रवेशांत तुम्ही मागच्या दिव्याने अंगाच्या कडेला उमटणाऱ्या निळ्या रेषेची वाट पाहायचात. फ्लॅश तर कधीच नाही. प्रकाशयोजनाकाराचं सगळं काम तो एका क्षणात पुसतो आणि नर्तकीचे डोळे दिपवतो ते वेगळंच.

आताच्या एलईडी दिव्यांनी नवी अडचण आणली. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, दिवा मधल्या मधे लुकलुकतो आणि फोटोवर पट्टे उमटतात. यावर तुमचा उपाय साधा: गती कमी करून पाहायची, पट्टे गेले नाहीत तर मेकॅनिकल शटरने रंगीत तालमीतच काम उरकायचं. गडद निळ्या प्रकाशात चेहऱ्याचा सपाट ठिपका होतो, तिथे एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल.

नाटकात तुम्ही बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहायचात. शब्द उच्चारताना तोंड वाकडं निघतं, खरा चेहरा वाक्यानंतरच्या विरामात सापडतो. शिवाय प्रकाश बदलला की पूर्ण रंगमंचाचा एक फोटो, न चुकता. त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या फोटोंवरून नेपथ्य आणि दिवे पुन्हा लावता येतात.

आणि एक आभार न दिलेल्या फोटोंचे. चेहरा सुंदर, पण पताका या हस्तमुद्रेतला अंगठा सुटलेला, किंवा अरमंडीत गुडघे पुढे आलेले, असा फोटो तुम्ही बाहेर जाऊ दिला नाहीत. नर्तकीची चुकीची मुद्रा आयुष्यभर भिंतीवर राहू नये, इतकी काळजी तुम्ही घेतलीत.

डब्यांचं काम सुरू केलं आहे. ज्या रोलना व्हिनेगरसारखा वास येतो त्यांच्या फिल्मचा प्लॅस्टिकचा आधार विघटित होऊ लागलेला असतो आणि तो वास शेजाऱ्यालाही बिघडवतो, म्हणून ते वेगळे काढले. जुनी प्लॅस्टिकची पाकिटं टाकून आम्लरहित कागदाची घातली, डब्यात सिलिका जेल ठेवलं. स्कॅन 4000 डीपीआयने करतो आहोत, म्हणजे एका फ्रेमला सुमारे 5,600 बाय 3,700 बिंदू मिळतात. तीन प्रती राहतील, त्यातली एक बडोद्याबाहेर.

वहीच्या एका पानावर पाणी सांडून शेवटच्या ओळीतली दोन नावं पुसली गेली आहेत. रविवारी संध्याकाळी ते पान आणि फोटो घेऊन येतो. उजवीकडून दुसरी आणि तिसरी मुलगी कोण, तेवढं सांगाल?

आपले,
बडोद्यातले नर्तक, नट आणि पडद्यामागचे सगळे