फिती मोडीत काढण्याआधी आम्हाला बोलवा

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी आकाशवाणीची निवृत्त उद्घोषक. १९८२ मध्ये नैमित्तिक म्हणून लागले, पुढे कायम झाले, २०१८ मध्ये निवृत्त. सगळी नोकरी मराठवाड्यात. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र आकाशवाणी केंद्रांतल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फितींबद्दल आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे ३:५६ला भूकंपानं जमीन हलली, आणि तासाभरात ड्यूटीची जीप मला घ्यायला दारात. रोजचा क्रम ठरलेला: वॉल्टर कौफमन यांची संकेतधून, वंदे मातरम्, मग मंगलध्वनी, म्हणजे सनई. किल्लारीकडून काय कानावर येतंय ते कळेना, पण त्या सकाळी सनई लावायला माझा हात धजेना. ड्यूटी ऑफिसर म्हणाले, "राहू दे बाई." लॉगबुकात तशी नोंद केली.

पंधरा दिवसांनी आमचे एक सहकारी तिकडून ध्वनिमुद्रण घेऊन आले. एक आजी. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं तिनं एकेक करून सांगितली. मग ढिगाऱ्यातून निघालेल्या जात्याचा विषय निघाला आणि कुणी न सांगता ती ओवी म्हणू लागली. बारा मिनिटं. आम्हाला हवी होती आठ. ब्लेडनं फीत तिरकी कापून मीच जोडली; कापलं ते मुख्यतः तिचं थांबणं. अजून खटकतं.

पुढं फितींचा तुटवडा आला. स्पूल, म्हणजे फितीचं रीळ, इरेजरवर (फीत पुसायच्या यंत्रावर) ठेवायचं, गोल फिरवायचं, काही सेकंदांत कोरं. चार वर्षांनी त्या आजीच्याच स्पूलवर मी कीटकनाशक फवारणीची मुलाखत ऐकली. दोष कुणाला द्यायचा? कोरी फीत मागितली तर मिळत नव्हती.

मोठ्या कलावंतांचं आकाशवाणीनं जपलं, ते योग्यच. १९५५मध्ये पुणे केंद्रावरून सुरू झालेलं गीतरामायण तर घराघरांतल्या लोकांनीच पाठ करून ठेवलं. पण शेतकरी, भारूडवाले, सुईणी, शाळामास्तर यांचे आवाज केंद्रांच्या कपाटांत पडून आहेत. सेकंदाला साडेसात इंच वेगानं अर्ध्या तासाचं एक स्पूल, वर फिकट शाईत 'लोकगीत, महिला'. एवढंच. कोण महिला, कुठल्या गावची? चिठ्ठीवर नाही, क्यूशीट (फितीसोबतचा माहितीचा कागद) गहाळ. फितीवरच्या तपकिरी थराची भुकटी होऊन मशीनच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते, म्हणजे काही फिती एकदाच वाजतील.

डिजिटायझेशन म्हणजे नुसती फाइल करून तिला क्रमांक देणं नव्हे. आवाज ओळखणारं माणूस शेजारी हवं, आणि ती माणसं आम्ही आहोत: निवृत्त उद्घोषक, 'माझं घर माझं शेत' या शेतीच्या कार्यक्रमाचे लोक, फिरतीवर जाणारे अभियंते. दरवर्षी आमच्यातले कमी होतायत. (आजच्या नैमित्तिक मंडळींच्या मानधनाचं गाऱ्हाणं वेगळं, तेही ऐकावं.)

म्हणून एकच आदेश काढा. जुन्या माणसानं ऐकून नाव-गाव लिहिल्याशिवाय कुठल्याही केंद्रानं एकही फीत मोडीत काढू नये. त्यासाठी हवं एवढंच: चालू टेप मशीन, एक तंत्रज्ञ, एक टेबल. आम्हाला एसटीचं भाडं दिलंत तरी पुरे, न दिलंत तरी येऊ.

मला उजव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, पण हेडफोन लावला की चालतं.

आपली,
एक निवृत्त उद्घोषक