तीन टिंबं आन गायब झालेली तूर

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात कम्प्युटरचं म्हणून जे येतं ते सगळं मोबाईलचंच असतं, म्हणून हे लिहायलो. मी परभणीकडचा, शेतीचा हिशोब ईमॅक्स म्हणून कम्प्युटरवर मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर हाय, त्याच्या ऑर्ग-मोडमधी ठेवतो. साधी टेक्स्ट फाईल, एक चांदणी टाकली की हेडिंग, दोन टाकल्या की पोटहेडिंग, 2003 ला कार्स्टन डोमिनिक यांनी सुरू केलेलं, फुकट आन लई कामाचं.

परवा फाईल उघडली तर नुसतं 'खरीप' दिसायलं, खालची सोयाबीन, तूर, फवारणीचा खर्च, मजुरी सगळं गायब! जीव खालीवर झाला. मग दिसलं की 'खरीप'च्या पुढं तीन टिंबं हायेत, म्हणजे मजकूर गेला नाही, घडी पडलीय. टॅब दाबत गेलं की उघडतंय.

लांब ओळी उजवीकडं कापल्या जायच्या, त्याला व्हिज्युअल-लाइन-मोड (लांब ओळ पडद्यात मावंल तशी खाली दुमडणारी सोय) चालू केला, काम झालं. चांदण्यांची गर्दी नको म्हणून फाईलीच्या वरच्या स्टार्टअप ओळीत, म्हणजे सेटिंगच्या ओळीत, इंडेंट (जादा चांदण्या लपवून पोटहेडिंग आत सरकवायचा शब्द) लिहिलं तर काहीच होईना, दोन तास मशीनला शिव्या घातल्या, आन चूक माझीच, त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावं लागतं, नाहीतर फाईल बंद करून परत उघडायची.

मराठी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात म्हणून टेबलाच्या उभ्या रेघा मात्र अजून नांगरटीसारख्या वाकड्याच हायेत. यावर कुणा जाणकाराकडून मराठीत काही छापा की.

एक वाचक, परभणी